पेटीत किती, ते मोजूनच ठरतं



बँकेचे साहेब गटाची वही बघायला येणार असा निरोप आला, की आदल्या रात्री काय धावपळ होते ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. राहिलेली इतिवृत्तं लिहायची, सह्या-अंगठे घ्यायचे, पासबुकं गोळा करायची. अशा वेळी कुणीतरी हळूच म्हणतं, "अगं, त्या दोघींचा हप्ता थकलाय, पण आला म्हणून लिही. पुढच्या महिन्यात भरतीलच की. आधी कर्ज तर मंजूर होऊ दे." त्या घटकेला पेन सचिवबाईच्या हातात असतं आणि सगळ्याजणी तिच्याकडे बघत असतात.

आज आम्ही जी हकिकत सांगणार आहोत ती अशाच एका वहीची आहे. फक्त ती वही एका अख्ख्या देशाची होती. तो देश म्हणजे युरोपातला ग्रीस. समुद्राकाठचा, बेटाबेटांचा, डोंगराळ मुलूख. राजधानी अथेन्स. लोकसंख्या म्हणाल तर आपल्या एकट्या मुंबई शहरापेक्षाही थोडी कमी. एवढ्याशा देशाच्या वहीतले आकडे चुकले, आणि त्याचा हादरा सगळ्या युरोपाला बसला. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबची गोष्ट आम्हाला कशाला? ऐका तर खरं. मधेमधे तुम्हाला आपलाच गट दिसेल.

ग्रीस १९८१ साली युरोपातल्या देशांच्या संघात सामील झाला. तेव्हा प्रत्येक देशाचं चलन वेगळं होतं. जर्मनीचा मार्क, फ्रान्सचा फ्रँक, इटलीचा लिरा, ग्रीसचा द्राख्मा. फेब्रुवारी १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट या गावी या देशांनी एक करार केला. पुढे सगळ्यांनी मिळून एकच चलन वापरायचं असं त्यात ठरलं. तेच आजचं युरो.

आता एक चलन म्हणजे एक सामाईक पेटी. त्या पेटीत एकजण बेफाम उधारी करायला लागला तर फटका सगळ्यांना. म्हणून आत येण्यासाठी अटी घातल्या. त्यातल्या दोन आपण समजून घेऊ. देशात वर्षभरात जे पिकतं, बनतं आणि जी सेवा दिली जाते, त्या सगळ्याची किंमत १०० रुपये धरा. सरकारनं त्या वर्षात कमाईपेक्षा जास्त केलेला खर्च, म्हणजे तूट, ३ रुपयांच्या वर जाता कामा नये. आणि सरकारच्या डोक्यावरचं एकूण कर्ज ६० रुपयांच्या वर असू नये, किंवा असलंच तर ते पुरेशा वेगानं उतरत असावं. या दुसऱ्या अटीत बरीच सवलत दिली गेली. इटली आणि बेल्जियम यांचं कर्ज १०० च्या वर असूनही त्यांना आत घेतलं. पण तुटीचा ३ हा आकडा उंबरठ्यासारखा झाला. तो ओलांडला की घराबाहेर.

अट घातली की मोजायचं कसं, हा प्रश्न येतोच. आपल्या फेडरेशनमध्येही हे होतं. एक गट दंडाची रक्कम बचतीत धरतो, दुसरा वेगळी लिहितो. एक गट थकलेलं व्याज येणं म्हणून दाखवतो, दुसरा हातात पडेपर्यंत लिहीतच नाही. मग कोणता गट चांगला चालला आहे ते कळणार कसं? त्यासाठी सगळ्यांची वही एकाच पद्धतीची लागते. युरोपानं १९९५ च्या नावानं ओळखली जाणारी अशी एक सामाईक हिशोबपद्धत नक्की केली. कोणता खर्च कोणत्या वर्षात धरायचा, कोणती संस्था सरकारी मानायची, कर्जाची व्याख्या काय, सगळं त्यात लिहिलेलं. प्रत्येक देशानं आपल्या सांख्यिकी कचेरीतर्फे या पद्धतीनं आकडे पाठवायचे आणि लक्झेंबर्गमध्ये असलेल्या युरोस्टॅट या कचेरीनं ते बघायचे, असं ठरलं.

ग्रीसला युरोमध्ये जायची एवढी ओढ का होती? कारण व्याज. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ग्रीसच्या सरकारला दीर्घ मुदतीच्या कर्जावर २० टक्क्यांच्या आसपास व्याज मोजावं लागत होतं. जर्मनीला ते साधारण ६-७ टक्के पडायचं. युरोमध्ये गेलं की जर्मनीच्या पंगतीत बसायला मिळणार, आणि कर्ज स्वस्त होणार. सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात जाताना आपल्याला जे वाटलं होतं, तेच त्या देशाला वाटत होतं. ती ओढ आम्हाला समजते. तिला कुणी हसू नये.

जानेवारी १९९९ मध्ये ११ देशांचं युरो सुरू झालं. ग्रीस अटीत बसला नव्हता, तो बाहेर राहिला. त्यानं पुन्हा जोर लावला. आणि इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या देशानं घेतलेली मेहनत खोटी नव्हती. १९९० च्या सुमारास तिथं वर्षाला २० टक्क्यांच्या वेगानं महागाई वाढत होती. १९९९ पर्यंत तो वेग ३ टक्क्यांच्या खाली आला. तूटही खरोखर कमी झाली होती. पण उंबरठ्याच्या आत येण्याइतकी झाली होती का, हा खरा प्रश्न. १९९९ सालची तूट म्हणून युरोपासमोर जो आकडा ठेवला गेला, तो होता १.६ टक्के. म्हणजे ३ च्या कितीतरी खाली. जून २००० मध्ये पोर्तुगालमध्ये भरलेल्या बैठकीत युरोपच्या नेत्यांनी ग्रीसला मान्यता दिली. १ जानेवारी २००१ ला ग्रीस युरोचा बारावा सभासद झाला. वर्षभरानं नोटा-नाणी लोकांच्या हातात आली. ३४० द्राख्मा आणि वर पाऊण, त्याचं एक युरो.

आता वही पुन्हा उघडू या. मार्च २००४ मध्ये ग्रीसमध्ये निवडणूक झाली आणि नवं सरकार आलं. त्याच उन्हाळ्यात अथेन्सला ऑलिंपिकचा मोठा सोहळा झाला. इकडे नव्या सरकारनं जुने हिशोब तपासायला काढले, आणि युरोस्टॅटही मागे लागलं होतं. आकडे निघाले ते असे. २००३ सालची तूट आधी १.७ टक्के सांगितली होती, ती निघाली ४.६. आणि ज्या १९९९ सालाच्या जोरावर सभासदत्व मिळालं, त्या सालची तूट निघाली ३.४ टक्के. म्हणजे दार उघडलं त्या दिवशी पाय उंबरठ्याच्या बाहेरच होता. आधीच्या सरकारनं याला हरकत घेतली. लष्करी खर्च धरण्याची पद्धत मागाहून बदलली म्हणून आमचे आकडे वाईट दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पण अडचण एकाच खात्यात नव्हती.

कुठं कुठं होती? लष्करी सामानाचा मोठा खर्च वहीत कमी धरला होता. पेन्शन आणि विम्याच्या सरकारी फंडांत शिल्लक होती त्याहून जास्त दाखवली होती. काही कर्जावरचं व्याज रोख न देता मुद्दलात मिळवलं होतं आणि खर्च म्हणून लिहिलंच नव्हतं. सख्यांनो, यातली कुठली युक्ती आपल्याला परकी आहे? व्याज मुद्दलात ढकललं की या महिन्याची वही स्वच्छ दिसते. कर्ज मात्र अंधारात वाढत राहतं. त्यातच २००१ मध्ये ग्रीसनं एका मोठ्या अमेरिकन बँकेबरोबर परकी चलनाच्या अदलाबदलीचा एक गुंतागुंतीचा व्यवहार केला. तो खरं तर कर्जाचाच प्रकार होता, पण तो अशा रीतीनं बांधला की वहीत कर्जाचा आकडा कमी दिसावा.

एवढं बाहेर आलं, तर ग्रीसला काढून टाकलं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. एकदा पेटी सामाईक झाली की एखादीला बाहेर काढणंही सोपं नसतं. शिवाय नियम मोडणारा ग्रीस एकटा नव्हता. २००३ साली जर्मनी आणि फ्रान्स या सगळ्यात बड्या सभासदांनीच ३ चा आकडा ओलांडला होता, आणि त्यांच्यावरची पुढची कारवाई नोव्हेंबर महिन्यात थांबवली गेली. थोरली सून उशिरा उठते आणि बोलणी धाकटीला बसतात, असं म्हणायची सोय तिथंही होती. युरोस्टॅटला देशाच्या आत शिरून वह्या तपासायचे पूर्ण अधिकारही तेव्हा नव्हते. आलेल्या आकड्यांवर शंका लिहायची, एवढंच हातात. ती शंका त्यांनी ग्रीसच्या बाबतीत वारंवार लिहिली.

एक चांगली गोष्ट मात्र झाली. २००५ साली युरोपानं सरकारी आकडेवारीसाठी एक आचारसंहिता तयार केली. त्यातलं पहिलंच तत्त्व असं, की आकडे काढणारी कचेरी स्वतंत्र असावी, आणि कोणत्या पद्धतीनं मोजायचं ते त्या कचेरीच्या प्रमुखानं ठरवावं. मंत्र्यानं नव्हे. कागदावर हे छान उतरलं. पण ग्रीसमध्ये सांख्यिकी कचेरी तेव्हाही अर्थखात्याच्याच हाताखाली होती. म्हणजे पैसे खर्च करणारं घर आणि हिशोब लिहिणारं घर एकच. आपण पेटी एकीच्या घरी ठेवतो आणि किल्ली दुसरीच्या घरी. तिथं पेटी, किल्ली आणि वही, तिन्ही एकाच कोनाड्यात होती.

मग २००८ साल आलं. अमेरिकेत मोठ्या बँका कोसळल्या आणि जगभर कर्ज देणारे हात आखडले. पूर असेपर्यंत नदीतले खड्डे दिसत नाहीत, पाणी ओसरलं की दिसतात. ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसमध्ये पुन्हा सरकार बदललं. त्या वर्षाची तूट ३.७ टक्के राहील असं त्याच वर्षी वसंतात युरोपला कळवलेलं होतं. नव्या सरकारनं सांगितलं, ती १२.५ टक्के असेल. नंतरच्या वसंतात आकडा १३.६ वर गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो १५.४ टक्के असल्याचं नक्की झालं. एकूण कर्ज वर्षाच्या उत्पन्नाच्या १२६ टक्क्यांच्याही वर होतं. उंबरठा ३ चा, आणि तूट त्याच्या पाचपट.

कर्ज देणाऱ्यांचा विश्वास उडाला. रक्कम मोठी होती म्हणून तर उडालाच, पण त्याहून जास्त, आता कुठलाच आकडा खरा मानावा की नाही हे कळेनासं झालं म्हणून उडाला. ज्या व्याजासाठी एवढं केलं होतं, ते पुन्हा चढलं. २०१२ च्या सुरुवातीला ग्रीसच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचा बाजारातला व्याजदर ३० टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जिथून निघाले होते, त्याहून वाईट ठिकाणी.

मे २०१० मध्ये युरोपातले देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ग्रीसला ११० अब्ज युरोंचं कर्ज द्यायचं ठरवलं. पुढं आणखी दोनदा अशी मदत घ्यावी लागली. मदत म्हणजे कर्जच, आणि त्याला अटी. सरकारी पगार कापले. पेन्शन एकदा नाही, अनेकदा कापलं. कर वाढले. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन महिन्याला ७५१ युरोंवरून ५८६ वर आणलं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींचं तर त्याहूनही खाली. २०१३ पर्यंत कामाला तयार असलेल्या दर चार माणसांतलं एकापेक्षा जास्त माणूस बेकार होतं. देशाचं एकूण उत्पन्न चौथाईनं घटलं. कित्येक घरांत आजीच्या कापलेल्या पेन्शनवर तिची कर्ती मुलं आणि नातवंडं जगत होती.

आता आम्हाला ज्या बायकांबद्दल मुद्दाम सांगायचं आहे त्या येतात. ग्रीसच्या अर्थखात्याच्या कचेऱ्यांत झाडलोट आणि फरशी पुसायचं काम करणाऱ्या ५९५ बायका होत्या. बऱ्याचजणी पन्नाशीच्या आसपासच्या, कित्येकींच्या पगारावर अख्खं घर. सप्टेंबर २०१३ मध्ये खर्चकपातीत या सगळ्यांना कामावरून दूर केलं आणि साफसफाईचं काम खासगी कंत्राटदारांकडे द्यायचं ठरलं. बघा, ज्या खात्याच्या हाताखाली देशाची चुकीची वही लिहिली गेली, त्याच खात्याच्या फरश्या या बायका पुसत होत्या. वहीतला एकही आकडा त्यांनी लिहिला नव्हता. वही चुकली तेव्हा मोठ्या पगाराच्या खुर्च्यांवर कोण होतं आणि पहिला घाव कुणावर बसला, ते यावरून कळतं.

पण त्या गप्प बसल्या नाहीत. काम करताना हातात घालायचे लाल रबरी मोजे, तेच त्यांनी आपलं निशाण केलं. लाल मोज्याची मूठ वळलेली चित्रं अथेन्सच्या भिंतींवर लागली. २०१४ मध्ये त्यांनी अर्थखात्याच्या दारासमोरच तंबू ठोकला. पोलिसांची धक्काबुक्की सोसली, कोर्टकचेऱ्या केल्या आणि महिनोन् महिने ठाण मांडलं. जानेवारी २०१५ मध्ये सरकार बदललं, आणि मे महिन्यात त्यांना परत कामावर घेतलं गेलं. ५९५ बायकांच्या एकीची ही गोष्ट आमच्या रेडिओवर स्वतंत्रपणे सांगायच्या लायकीची आहे. आज एवढंच लक्षात ठेवू, की खोट्या हिशोबाचं बिल येतं तेव्हा ते लिहिणाऱ्याच्या पत्त्यावर येतंच असं नाही.

आता दुसऱ्या माणसाची गोष्ट. मार्च २०१० मध्ये ग्रीसनं कायदा करून सांख्यिकी कचेरी अर्थखात्यातून बाहेर काढली आणि स्वतंत्र केली. ऑगस्टमध्ये तिचे प्रमुख म्हणून आंद्रेआस जॉर्जिऊ नावाचे गृहस्थ आले. त्याआधी ते नाणेनिधीत बरीच वर्षं नोकरीला होते. त्यांनी युरोपच्या नियमांनुसार हिशोब लावला. तोट्यात चालणाऱ्या काही सरकारी कंपन्या आजवर सरकारच्या वहीबाहेर ठेवल्या होत्या, त्या नियमाप्रमाणे आत घेतल्या. २००९ सालचा १५.४ हा आकडा त्यांच्या काळातला. इतकी वर्षं शंका लिहिणाऱ्या युरोस्टॅटनं त्यांचे आकडे एकदाही शंका न लावता स्वीकारले.

पण त्यांच्या देशात काय झालं? लोक होरपळत होते. अशा वेळी कुणीतरी म्हणालं, या माणसानं तूट मुद्दाम फुगवली, म्हणून एवढ्या कडक अटी आल्या. २०१३ मध्ये त्यांच्यावर फौजदारी आरोप ठेवले गेले. देशाचं नुकसान केल्याच्या त्या मोठ्या आरोपातून ते पुढे सुटले. तरी खटले वर्षानुवर्षं चालले. निर्दोष सुटायचं, निकाल रद्द व्हायचा, पुन्हा उभं राहायचं. शेवटी २०१७ मध्ये त्यांना एका गोष्टीसाठी दोषी ठरवलं आणि दोन वर्षांची, पण प्रत्यक्षात तुरुंगात न पाठवण्याची, शिक्षा सुनावली. त्यांचा गुन्हा काय, तर तुटीचा आकडा युरोपला पाठवण्याआधी त्यांनी तो आपल्या कचेरीच्या मंडळापुढे मतदानाला ठेवला नाही. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही शिक्षा कायम केली. मार्च २०२३ मध्ये मात्र युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं निकाल दिला, की त्या शेवटच्या सुनावणीत जॉर्जिऊ यांना नीट न्याय मिळाला नव्हता.

आम्ही हा भाग वाचला तेव्हा आमच्यात बरीच चर्चा झाली. एकजण म्हणाली, "मतदान घ्यायला काय हरकत होती? आपण गटात सगळं सगळ्यांच्या संमतीनंच करतो की." दुसरीनं उत्तर दिलं, आणि ते आम्हाला सगळ्यांना पटलं. कर्ज कुणाला द्यायचं, हे हात वर करून ठरतं. व्याज किती लावायचं, दंड माफ करायचा का, सहलीला जायचं का, हेही हात वर करून ठरतं. पण आत्ता पेटीत किती पैसे आहेत, हे हात वर करून ठरत नाही. ते पेटी उघडून, सगळ्यांच्या देखत, मोजून ठरतं. वीसजणींनी मिळून पाच हजार म्हटलं आणि पेटीत साडेतीनच हजार असले, तर वीस हात वर गेल्यानं दीड हजार येत नाहीत. मोजणी चुकली असं वाटलं तर पुन्हा मोजा, दुसरीला मोजायला लावा, मोजायची पद्धत काय ते विचारा. तो सगळ्यांचा हक्क आहे. मत मात्र आकड्यावर घेऊ नका. मत घ्यायचं ते आकडा कळल्यावर, पुढं काय करायचं यावर.

ग्रीसच्या लोकांचा राग खोटा होता असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्यावर लादलेल्या अटी फार कडक होत्या, त्या वेगळ्या असू शकल्या असत्या, असं मानणारे अर्थतज्ज्ञ जगात खूप आहेत. पगार कापायचे की श्रीमंतांचा चुकलेला कर वसूल करायचा, झाडूवालीला काढायचं की आणखी कुठं हात आखडायचा, हे भांडण रास्तच आहे. पण ते भांडण खऱ्या आकड्यावर उभं राहून करावं लागतं. ताप किती आहे हे सांगणाऱ्या नर्सबाईवर चिडून ताप उतरत नाही. औषध कोणतं द्यायचं यावर मात्र डॉक्टरला जरूर विचारावं, आणि पटलं नाही तर भांडावं.

युरोप यातून थोडं शिकला. २०१० नंतर युरोस्टॅटला देशांच्या वह्या तपासायचे जास्त अधिकार मिळाले आणि खोटे आकडे पाठवणाऱ्याला दंडाची तरतूद झाली. जुलै २०१५ मध्ये स्पेनला जवळजवळ १ कोटी ९० लाख युरोंचा दंड झाला. कारण ऐका. त्या देशातल्या व्हॅलेन्सिया भागात आरोग्याच्या खर्चाची बिलं वर्षानुवर्षं वहीत घेतलीच नव्हती. ग्रीसची मदतीची मुदत ऑगस्ट २०१८ मध्ये संपली. २०२३ मध्ये त्याची पत पुन्हा बऱ्यापैकी मानली जाऊ लागली. १.६ आणि ३.४ या दोन आकड्यांतलं अंतर भरून काढायला एक पिढी गेली.

आणि आपण? संयुक्त राष्ट्रांनी सरकारी आकडेवारीची मूलतत्त्वं १९९४ मध्ये ठरवली, आणि २०१६ मध्ये भारत सरकारनंही ती स्वीकारली. आकडे निःपक्षपाती असावेत, शास्त्रीय पद्धतीनं काढावेत, कुणाच्या सोयीसाठी वाकवू नयेत, असा त्यांचा गाभा. हे वाचायला दिल्लीचं वाटतं. पण दिल्लीचा आकडा गावातूनच जातो. अंगणवाडीतल्या काट्यावर बाळ उभं राहतं, तेव्हा लिहिलेलं वजन वर वर जात देशाच्या आकड्यात मिळतं. खानेसुमारीवाली दारात येते आणि "तुम्ही काम करता का?" विचारते, तेव्हा "नाही, घरीच असते" असं आपण म्हणतो. खुरपणी, दूध काढणं, शेळ्या, गटाचं पापड-लोणचं सगळं करून घरीच! तिथं आपणच आपलं काम देशाच्या वहीतून पुसतो. खरा आकडा आधी आपल्याच तोंडून निघायचा असतो.

तेव्हा सख्यांनो, पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. वही लिहिणारी एक, पेटी ठेवणारी दुसरी, आणि मोजायला दर वेळी वेगळी सखी. थकलेला हप्ता थकला म्हणूनच लिहा, आणि त्याच्याच खाली तो का थकला तेही लिहा. नवऱ्याचं आजारपण, गेलेलं पीक, लग्नाचा खर्च, जे असेल ते. मग साहेब येतील तेव्हा वहीत थकबाकी दिसेल, आणि त्या बाईला सवड द्या म्हणून आपल्याला ठामपणे सांगताही येईल. कदाचित कर्ज थोडं कमी मंजूर होईल. होऊ दे. जेवढं मिळेल ते फेडता येईल एवढं तरी असेल.

आणि सचिवबाईच्या हातात पेन असताना सगळ्याजणी तिच्याकडे बघत असतील, तेव्हा तिला एकटी पाडू नका. "आहे तेच लिही," असं म्हणणारी दुसरी कुणीतरी त्या खोलीत असली पाहिजे. ती तुम्ही व्हा.